रूपसिंगच्या गावी

जबलपूरला माझी आत्या असते. लग्न होऊन ती तिकडे गेली ती तिकडचीच झाली. मराठी बोलता बोलता मध्येच ‘अरे भई’ म्हणते आणि पुरणपोळीच्या पंक्तीला दहीवडेही करते. ‘एकदा भेडाघाट बघायला या,’ हे तिचे आमंत्रण आमच्याकडे कित्येक वर्षे पडून होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमीला जोडून सुट्या आल्या, ह्यांना रजा मिळाली आणि मुलांना घेऊन आम्ही महानगरी एक्स्प्रेसने निघालो.

पावसाळ्यात भेडाघाटला नावा चालत नाहीत, हे मात्र आम्हाला तिथे पोचल्यावर कळले! संगमरवरी कड्यांमधून नौकाविहार करायचा म्हणून आठशे-हजार किलोमीटर गेलो आणि बघितले काय, तर काठाला बांधून ठेवलेल्या होड्या. धुवांधारच्या धबधब्याचीही तीच गत. नर्मदा इतकी फुगली होती की नदी कुठे संपते आणि धबधबा कुठे सुरू होतो ते उमगेना. चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या भिजत चढलो, हजार वर्षांपूर्वीच्या त्या मूर्ती पाहिल्या आणि ओलेचिंब होऊन घरी परतलो. वाचकहो, तुम्ही जाल तेव्हा दिवाळीनंतर जा.

असे घरात अडकलो म्हणूनच आतोबांच्या शेजारी बसून मी तो सामना पाहिला. आत्याचे यजमान, आमचे आतोबा, गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तरुणपणी कारखान्याच्या हॉकी संघात ते राखीव खेळाडू होते. ‘राखीव’ हा शब्द ते स्वतःच आवर्जून सांगतात.

शनिवार होता, ११ ऑगस्ट. लंडन ऑलिंपिकमधला आपल्या हॉकी संघाचा शेवटचा सामना, समोर दक्षिण आफ्रिका. अकरावा कोण आणि बारावा कोण एवढेच त्यातून ठरायचे होते आणि स्पर्धेत संघ होते एकूण बारा. त्याआधी हॉलंडविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढून आपण २-३ ने हरलो होतो. मग न्यूझीलंडकडून १-३, जर्मनीकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४ आणि बेल्जियमकडून ०-३. दक्षिण आफ्रिकेनेही ३-२ ने हरवले. सहापैकी सहा सामने हातचे गेले. आठ गोल केले आणि एकवीस खाल्ले.

आमचा धाकटा क्रिकेटचा वेडा. तो म्हणाला, ‘‘आजोबा, चॅनल बदलू?’’

आतोबांनी रिमोट त्याच्या हातात दिला आणि मला विचारले, ‘‘बेटा, आज तारीख काय?’’

मी सांगितली.

‘‘ऐंशी वर्षं झाली बघ. बरोबर ह्याच तारखेला, १९३२ साली, लॉस एंजेलिसला आपण अमेरिकेला २४-१ ने हरवलं होतं. त्यातले दहा गोल रूपसिंगचे. आणि रूपसिंग जन्मला कुठं? इथं, जबलपुरात!’’

ध्यानचंदांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या धाकट्या भावाचे, रूपसिंगचे, फारसे कुणी घेत नाही. अमेरिकेविरुद्धच्या त्या सामन्यात ध्यानचंदांचे गोल आठ होते, म्हणजे धाकट्याने थोरल्यावर दोनाने मात केली होती. अमेरिकेचा संघ नवशिका होता आणि स्पर्धेत संघ होते अवघे तीन, हेही सांगायला हवे. आतोबा ते सांगत नाहीत, मी सांगते. आणखी एक खरे सांगायचे तर, रूपसिंग १९०८ मध्ये जन्मले जबलपूरला, पण वडील फौजेत असल्यामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड झाशीला गेले. खेळ झाशीने दिला, पुढे नोकरी ग्वाल्हेरने दिली. जबलपूरच्या वाट्याला जन्म तेवढा आला. पण गावाला अभिमानासाठी तेवढे नाते पुरते!

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली आणि आतोबांनी आम्हाला त्यांचे जबलपूर दाखवायला बाहेर काढले. पर्यटक बघतात ते नव्हे. सदर बाजाराकडे जाताना ते गॅरिसन ग्राउंडपाशी थांबले, फॅक्टरीच्या वसाहतीत थांबले, कुठल्याशा चिखल झालेल्या पटांगणापाशीही थांबले. ह्या गावात हॉकी का रुजली असेल ते फिरता फिरता आपोआप कळत गेले. १८७० मध्ये मुंबईकडून आणि अलाहाबादकडून आलेले लोहमार्ग इथे जोडले गेले. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. छावणी होतीच. १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनवणारा हा कारखाना आला, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. फौज, रेल्वे, कारखाना आणि मिशनरी शाळा एका गावात आल्या, की हॉकीला आणखी काय हवे?

तेव्हाचा हा मध्य प्रांत. नागपूर त्याची राजधानी आणि १९५६ पर्यंत नागपूर-जबलपूर एकाच राज्यात. आपली विदर्भातली कितीतरी मंडळी नोकरीनिमित्त इकडे आली ती त्यामुळेच. १९२८ मध्ये हिंदुस्थानचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला, त्यात ह्याच मध्य प्रांताचा रेक्स नॉरिस होता. तीन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळवणारा लेस्ली क्लॉडियस बिलासपूरचा. १९४८ मध्ये लंडनलाच, वेम्बलीच्या मैदानावर, ब्रिटनला ४-० ने हरवणाऱ्या संघाचा कप्तान किशनलाल महूचा. तो दिवस होता १२ ऑगस्ट. चौसष्ट वर्षांनी, एक दिवस अलीकडे, त्याच लंडनमध्ये आपण शेवटचे आलो.

मग असे झाले का? बडा फुव्वाऱ्याजवळ खव्याची जिलबी खाताना हा विषय निघाला. (ही जिलबी काळपट, जाडसर, गुलाबजामच्या कुळातली. दोनपेक्षा जास्त खाऊ नयेत. मी तीन खाल्ल्या.) आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रात वाचलेले कारण पुढे केले, ‘‘टर्फ आलं आणि आपली हॉकी बुडाली.’’

‘‘अर्धं खरं आहे,’’ आतोबा म्हणाले. मुरमाच्या मैदानावर चेंडू उसळतो, म्हणून पोर उभ्याने, मनगटाच्या कसबाने त्याला सांभाळायला शिकते. कृत्रिम गवतावर चेंडू सपाट आणि सुसाट येतो, तिथे कमरेत वाकून, पळता पळता तो घ्यावा लागतो. १९७५ मध्ये आपण क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला तो खऱ्या गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक कृत्रिम मैदानावर झाले आणि आपण सातवे आलो. असे मैदान घालायला पैसा लागतो आणि खेळण्याआधी त्यावर पाणी मारावे लागते. आपल्या गावोगावच्या पोरांना ते कुठून मिळणार? ती वाढणार मुरमावर आणि थेट मोठ्या स्पर्धेच्या वयाला टर्फवर पाय ठेवणार. धावायला शिकलेल्याला एकदम पोहायला सांगावे तसे ते.

‘‘पण मला सांगा,’’ आतोबांनी ह्यांच्याकडे बोट केले, ‘‘पाकिस्तानची पोरं काय विलायती गालिच्यावर वाढली होती? त्यांनी १९८४ चं ऑलिंपिक जिंकलं, १९९४ चा विश्वचषक जिंकला. १९८२ च्या एशियाडमध्ये, आपल्या दिल्लीत, आपल्याच टर्फवर आपल्याला ७-१ ने हरवलं. मग?’’

ह्यांच्याकडे उत्तर नव्हते. आतोबांकडे मात्र भरपूर होती. १९९२ मध्ये खेळाडू हवे तितक्यांदा बदलायची मुभा मिळाली, पुढे ऑफसाइड गेला आणि खेळ दमसासाचा झाला. आपण चेंडू चार जणांना चकवत न्यायच्या मोहातच राहिलो. पेनल्टी कॉर्नर हे गोलाचे मुख्य साधन झाले. फेब्रुवारीत दिल्लीच्या पात्रता स्पर्धेत एकट्या संदीप सिंगने १६ गोल केले, अंतिम सामन्यात फ्रान्सचा ८-१ ने फडशा पाडला, आणि सगळ्यांना वाटले की जमले! ‘‘एका खांबावर मांडव घातला. लंडनला तो खांबच हलला. मग काय करून राहणार बाकीचे?’’

त्यातून वरची भांडणे. २००८ मध्ये जुनी हॉकी महासंघाची कमिटी निलंबित झाली, त्याच वर्षी ऑलिंपिकची पात्रताही हुकली होती. मग नवी संघटना आली, जुनी कोर्टात गेली आणि २०१२ च्या सुरुवातीला जुन्या मंडळींनी स्वतःची वेगळी साखळी स्पर्धा भरवली. तिथे खेळायला गेलेल्या नामांकित खेळाडूंना नव्या संघटनेने राष्ट्रीय संघापासून दूर ठेवले. ऑलिंपिक चार-पाच महिन्यांवर आलेले आणि घरात दोन चुली! माझ्या मते लंडनचा निकाल अर्धाअधिक तिथेच लागला होता. मैदानावर उतरलेल्या पोरांना एकट्याने दोष देणे मला पटत नाही. पुढच्या फळीत आडनावाने मराठी असलेला झाशीचा तुषार खांडकर होता, ग्वाल्हेरचा शिवेंद्र सिंग होता. ध्यानचंद-रूपसिंगच्या झाशी-ग्वाल्हेरची पोरे अजून संघात येत होती. जबलपूरचे मात्र त्या संघात कुणीच नव्हते, आणि आतोबांना खरे लागले होते ते हेच, असे मला वाटते.

मुलींच्या बाबतीत जबलपूरचे पारडे जड होते, हे आत्याने मध्येच घातले. १९८२ च्या ज्या एशियाडमध्ये पुरुषांनी सात गोल खाल्ले, त्याच स्पर्धेत आपल्या मुलींनी सुवर्णपदक मिळवले. कप्तान पुण्याची एलिझा नेल्सन आणि संघात जबलपूरची मधू यादव, जिला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. ‘‘पण तुझ्या आतोबांना बायकांचे सामने लक्षात राहत नाहीत,’’ असा टोमणा मारून ती चहा टाकायला गेली. आतोबा हसले, पण बोलले नाहीत.

एक गोष्ट मला मुंबईला परतल्यावर कळली. त्याच ऑलिंपिकनिमित्त लंडनच्या भुयारी रेल्वेचा एक खास नकाशा छापला होता. त्यात स्थानकांना जगातल्या ऑलिंपिकवीरांची नावे दिली होती. त्यात हॉकीतले तीन भारतीय होते : ध्यानचंद, रूपसिंग आणि क्लॉडियस. ज्या शहरात आपला संघ बारावा आला, त्या शहराच्या नकाशावर जबलपूरला जन्मलेला एक आणि बिलासपूरला जन्मलेला एक! फोनवर हे सांगितले तेव्हा आतोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आपल्याकडं ग्वाल्हेरला त्याच्या नावाचं स्टेडियम आहे ना. मूळचं हॉकीचं. आता लोक ते सचिनच्या दोनशे धावांसाठी ओळखतात.’’

दुसऱ्यांदा आम्ही जबलपूरला गेलो ते २०२२ च्या डिसेंबरात. मधल्या दहा वर्षांत पुष्कळ काही घडले होते. मध्य प्रदेशने भोपाळला मुलांची आणि ग्वाल्हेरला मुलींची हॉकी अकादमी काढली होती, ती आता फळे देऊ लागली होती. ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघाचा भार उचलला आणि २०२१ मध्ये टोकियोत जर्मनीला ५-४ ने हरवून आपण ४१ वर्षांनी पदक आणले. गाडी इटारसीला थांबली तेव्हा मी मुद्दाम खिडकीतून बघितले. टोकियोच्या संघातला विवेक सागर प्रसाद इथल्याच जवळच्या गावचा, भोपाळच्या अकादमीत तयार झालेला. २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्यपदक मिळाले, तेव्हाही तो होता. फलाटावर नेहमीसारखी चहा-भजी होती.

ह्या खेपेला नावेत बसलो. दोन्ही अंगांनी संगमरवराचे कडे, कुठे पांढरेशुभ्र, कुठे पिवळसर, कुठे काळपट निळे, आणि खाली संथ हिरवे पाणी. नावाडी यमके जुळवत हिंदीत असे काही वर्णन करतो की मुले कड्यांकडे बघायचे सोडून त्याच्याकडेच बघतात. पाऊण-एक तास कसा गेला कळले नाही.

आतोबा ऐंशीचे झाले होते. नावेत ते आले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राणीतालला जायचे म्हणून कपडे करून तयार बसले. जबलपूरच्या जुन्या तळ्यांपैकी हे एक, राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखले जाणारे. पण आता राणीताल म्हटले की गावाला आठवते ते तिथले क्रीडासंकुल. राज्याची तिरंदाजी अकादमी इथेच आहे. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सांघिक रौप्यपदक मिळवणारी मुस्कान किरार ह्याच गावची, आणि आतोबांची चौदा वर्षांची नात तिच्यामुळेच धनुष्याच्या नादी लागली आहे. घरात हॉकी स्टिकला मात्र कुणी हात लावला नाही. तुतीच्या लाकडाची आतोबांची स्टिक माळ्यावर आहे.

नात आम्हाला समजावत होती. अंतर पन्नास मीटर, मधल्या पिवळ्या वर्तुळाला दहा गुण. आतोबा खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते. तिने नेम धरला, बाण सुटला, लांबवर ठक्क असा आवाज झाला.

‘‘किती?’’ त्यांनी विचारले.

‘‘नऊ, आजोबा.’’

‘‘आणि समोरची?’’

‘‘समोर कुणी नाही. ही प्रॅक्टिस आहे.’’

‘‘बरं, बरं,’’ म्हणून ते मागे टेकले, आणि पुढचा बाण सुटेपर्यंत पुन्हा पुढे झुकून बसले.