तेल कुठे जाते?

व्यापारी घरातील मुलाला मालाची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. हळकुंड मोडून आतला रंग पाहावा, तांदळाचा दाणा दाताखाली धरून जुना-नवा ओळखावा, बाळहिरडा मुठीत घेऊन त्याचा ओलावा जोखावा, हे सारे गादीवर बसता-बसता अंगवळणी पडते. मात्र ज्या वाहनावर आपला धंदा चालतो, त्याच्या पोटात काय आहे याची जिज्ञासा आपल्यापैकी फार थोड्यांना असते. गाडी बंद पडली की मिस्त्रीकडे टाकावी आणि सायंकाळी पैसे मोजून परत आणावी, एवढाच आपला तिच्याशी व्यवहार. गेल्या चातुर्मासात आमच्या जुन्नरच्या घरी एक जुने इंजिन उघडले गेले. त्या निमित्ताने जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

जुन्नरची बाजारपेठ पूर्वापार वाहनाच्या बळावर उभी आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांवरचा माल नाणेघाट चढून येथे येत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण त्या जकातीची आठवण म्हणून आजही दाखवला जातो. तेव्हा बैल होते, पुढे ट्रक आले, आणि आमच्या वडिलांच्या काळात आली राजदूत. वडिलांना आम्ही घरात भाऊ म्हणतो. किराण्याच्या घाऊक व्यापारासाठी ते आठवड्यातून दोनदा फेरीला निघत. एका दिवशी आपटाळेमार्गे घाटघरच्या अंगाला, दुसऱ्या दिवशी आंबेगाव तालुक्यात घोडेगाव आणि पुढे डिंभ्यापर्यंत. गावोगावच्या लहान दुकानदारांकडून मागणी लिहून घ्यायची, मागचे येणे वसूल करायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचे, असा त्यांचा नेम होता.

राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची मोटारसायकल. पोलंडमधील एसएचएल या गाडीच्या धर्तीवर ती १९६० च्या दशकात आपल्याकडे बनू लागली. १७५ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिच्या इंजिनाची क्षमता प्रत्यक्षात १७३ सीसी. दूधवाले, शेतकरी आणि आमच्यासारखे फिरते व्यापारी यांनी ती डोक्यावर घेतली, कारण खडबडीत रस्त्यावर ती ओझे ओढी आणि बिघडली तर गावातला कोणताही मिस्त्री ती उघडू शके. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० आली, लोकांना कमी पेट्रोलची चटक लागली आणि राजदूत हळूहळू ओसरीत विसावली. आमचीही तशीच विसावली होती.

तीन वर्षांपूर्वी भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. प्रकृती सावरली, पण उजवा हात पूर्ववत झाला नाही आणि बोलणे जड झाले. दुकान आम्ही दोघे भाऊ सांभाळतो. सुरुवातीस ते गादीवर येऊन बसत. नंतर त्यांनी येणे सोडले. संगणकावरची बिले आणि मोबाईलवरचे व्यवहार यांत त्यांना विचारण्याजोगे काही उरले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आले असावे. सामायिक, जेवण आणि झोप यांखेरीज त्यांचा दिवस रिकामा झाला. अशात भंगारवाला आला. त्याने राजदूतचा वजनावर भाव सांगितला. भाऊ काही बोलले नाहीत, मात्र त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गाडी विकण्यापूर्वी तिची स्थिती तरी पाहावी, असे माझ्या मुलीने सुचविले. ती अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पावसाळ्यात फेरीचे काम मंद असते. आम्ही ओसरीवर जुनी गोणपाटे अंथरली आणि भाऊंची खुर्ची शेजारी मांडली.

गाडीचा आजार जुना होता. थंड असताना ती चालू होई, गरम झाली की दम तोडी, आणि पांढरा धूर सोडी. प्रथम प्लग काढून ठिणगी पाहिली, ती चांगली होती. कार्ब्युरेटर धुतला. सायलेन्सर उतरवून आतली काजळी खरवडली. राजदूतचे इंजिन दोन स्ट्रोकचे, त्यामुळे वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, एका लिटरला साधारण ४० ते ५० मिलिलिटर. ते तेल जळते आणि धुराच्या वाटेवर काजळी धरते. वाट मोकळी झाली, तरी पांढरा धूर कायम होता.

तेव्हा भाऊंनी डाव्या हाताने इंजिनाच्या क्लचकडील बाजूस खूण केली आणि सावकाश म्हणाले, "तेल मोज, बेटा."

मुलीने तेल काढून मोजले. जेवढे भरले होते त्याच्या निम्मेही निघाले नाही. खाली मात्र थेंबाचा डाग नव्हता. सांडले नाही, कोणी काढले नाही, मग तेल गेले कुठे? दुकानात विक्री न होता साठा घटला, तर आपण हाच प्रश्न विचारतो. क्लचकडची तेलाची जागा आणि क्रँकची पेटी यांच्यामध्ये एक रबरी सील असते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन वर गेला की खालच्या पेटीत ओढ निर्माण होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. ते सील कडक होऊन झिजले की त्याच ओढीने क्लचकडचे तेलही आत खेचले जाते आणि जळून पांढरा धूर होतो. भाऊंनी ही घट धुरावरून ओळखली होती.

इंजिन फ्रेममधून उतरवले. काढलेला प्रत्येक भाग फरसाणाच्या रिकाम्या डब्यांत, चिठ्ठी लावून ठेवला. काम सूर्यास्तापूर्वी थांबवायचे असे ठरले. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात आणि उघड्या पेट्रोलच्या ताटलीत पडतात. धुतलेले मळके पेट्रोल व जुने तेल मातीत किंवा गटारात न ओतता कॅनमध्ये साठवले.

सिलिंडर निघाल्यावर रिंग पिस्टनने सरळ सारून सिलिंडरमध्ये बसवली आणि तिच्या टोकांमधील फट मोजली. नव्या रिंगला ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. आमच्या रिंगेत एक मिलिमीटरची पात सहज गेली. गरम झाल्यावर गाडी दम का तोडते, याचे उत्तर तेथे होते. नारायणगावच्या एका कारखान्यात सिलिंडर बोअर करून घेतला. त्या मापाचा पिस्टन आणि सील पुण्याच्या नाना पेठेत मिळाले, मात्र त्यासाठी दोन फेऱ्या पडल्या.

पिस्टन बसवताना भाऊ खुर्चीवरून पुढे झुकले. दोन स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेची टोके त्या पिनेवरच यावी लागतात. टोक सरकून सिलिंडरच्या खिडकीत अडकले तर रिंग तुटते. भाऊंनी डाव्या हाताचे बोट दोन्ही रिंगांवरून फिरवले, मान हलवली, आणि मगच सिलिंडर खाली उतरवू दिला. नातीला शिकवताना त्यांचे शब्द अडखळत होते, पण ती थांबत होती. दुकानात ग्राहकाची घाई असते, तेथे असे थांबता येत नाही.

पर्युषणानंतरच्या आठवड्यात इंजिन बांधून पूर्ण झाले. चौथ्या किकला चालू झाले. पहिले काही किलोमीटर संथ चालवून मी आपटाळ्यापर्यंत जाऊन आलो. पांढरा धूर नव्हता.

आता हिशेब. दुरुस्तीला लागलेला खर्च भंगाराच्या भावापेक्षा कितीतरी अधिक आहे. शिवाय अशी गाडी तेल जाळते, हवा मळवते. तेव्हा ती रोजच्या कामाला वापरायची नाही असे आम्ही ठरवले आहे. केवळ नफ्यातोट्याच्या रकान्यात हा व्यवहार बसत नाही. पण दुकानात माणूस बसून असतो आणि त्याची जाण कोणी विचारत नाही, ही घटही साठ्यातलीच असते आणि ताळेबंदात ती दिसत नाही. आपल्या अनेक घरांत असे ज्येष्ठ आहेत. त्यांना सेवा मिळते, मान मिळतो, औषधे वेळेवर मिळतात. प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. काही घरांत ती जाण जुन्या तराजूची असेल, काही घरांत कापडाच्या पोताची किंवा उधारीच्या माणसांची.

भाऊंनी आता एक लाल वही मागवून घेतली आहे. ते सांगतात आणि नात लिहिते. बोअर कितीवा, रिंगेची फट किती, सील कोणत्या दिवशी बदलले, कोणता नट उलट्या आट्याचा आहे. पहिल्या पानावर, जुन्या रिवाजाप्रमाणे, तिथी घातली आहे. शेवटच्या लिहिलेल्या पानावर एवढेच आहे: पाचशे किलोमीटर झाल्यावर क्लचकडचे तेल पुन्हा मोजावे.