वाटाड्याच्या चालीने

जोहान्सबर्गहून नैर्ऋत्येला निघालं, की शहराच्या कडेकडेने डोंगर लागतात. पिवळट, सपाट माथ्याचे, जवळजवळ बोडके. जवळ गेल्यावर कळतं, की हे डोंगर माणसांनी रचलेत. १८८६ साली इथे सोनं सापडलं. तेव्हापासून जमिनीच्या पोटातला दगड वर आणायचा, कुटायचा, सोनं काढून घ्यायचं आणि उरलेली भुकटी बाहेर ओतायची, असं चालत आलं. त्या भुकटीचे हे ढीग. आपल्याकडे आषाढ कोसळत असतो तेव्हा तिथे कोरडा हिवाळा असतो. गवत वाळून तांबूस झालेलं, आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं. शहर कळसूबाईच्या माथ्याहूनही उंचावर वसलेलं, त्यामुळे उन्हात ऊब आणि सावलीत पाऊल टाकलं की बोचरी थंडी. वारा सुटला की पिवळी भुकटी उडते आणि ज्यांना त्या सोन्याचा कण मिळाला नाही त्यांच्या छपरांवर बसते. ती छपरं सोवेतोची.

हमरस्त्यावरून सोवेतो दिसतं ते एकसारख्या छपरांचं, क्षितिजापर्यंत. बसच्या काचेतून तेवढंच दिसत राहणार. म्हणून मी पायी निघालो, एका वाटाड्याच्या मागे. ऑर्लँडो वेस्टमध्ये जन्मलेला, तिथेच वाढलेला, चाळिशीचा माणूस. गळ्यात नोंदणीकृत गाइडचा बिल्ला. तिकडे हे काम करायचं तर प्रशिक्षण घेऊन सरकारदरबारी नाव नोंदवावं लागतं. पण त्याचा खरा परवाना वेगळाच होता. दर पंधरा-वीस पावलांवर कुणीतरी त्याला हाक मारी. फाटकाशी उभी असलेली म्हातारी, गाडीखाली आडवा झालेला मेकॅनिक, शाळेच्या गणवेशातली पोरं. तो थांबे, हात हातात घेई, घरच्यांची चौकशी करी, मग माझी ओळख करून देई. मी नुसता बघ्या होऊन त्या गल्लीतून जाणं त्याने अशक्यच करून टाकलं. ज्यांना बघायचं तेही आपल्याला बघून घेत होते, वर प्रश्न विचारत होते: कुठून आलास, तिकडे थंडी असते का, मुलंबाळं किती.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की या माणसाच्या चालीतच त्याचं सगळं सांगणं आहे. कुठे रेंगाळायचं, कुठे पाय उचलायचा, हे त्याचं ठरलेलं होतं. आणि पर्यटक जिथे थांबू पाहतो तिथे तो बहुतेकदा थांबत नव्हता.

तो थांबला तो एका साध्या घरापुढे. गोऱ्या सरकारने १९५१च्या सुमाराला कृष्णवर्णीयांसाठी घरांचे ठरावीक नकाशे केले. त्यांना एनई ५१/६, एनई ५१/९ अशी नावं होती. एनई म्हणजे ‘नॉन-युरोपियन’. घराचा आराखडाही माणसाच्या रंगावरूनच ओळखायचा. चार लहान खोल्या, संडास बहुतेकदा मागच्या अंगणात. लोकांनी त्यांना आगपेटीची घरं म्हटलं. कित्येक वर्षं ही घरं भाड्याचीच होती. माणसाने शहरात फक्त राबायला यायचं, मालक व्हायचं नाही, असा कायदा. वाटाड्या मला भिंती दाखवत नव्हता, भिंतींत झालेले बदल दाखवत होता. इथे पुढे एक खोली काढली, तिथे कमान बसवली, मागच्या अंगणात भाडेकरूंसाठी दोन खोल्या घातल्या. दाराबाहेरचा ओटा लाल पॉलिशने घासूनपुसून असा चकचकीत केलेला, की मला कोकणातल्या आजोळच्या कोब्याची आठवण झाली. सरकारने एकच घर हजारो वेळा बांधलं. बायकांनी त्यातलं एकही दुसऱ्यासारखं राहू दिलं नाही. त्या ओट्यापाशी आम्ही बराच वेळ होतो. आत मात्र गेलो नाही. ‘घर कुणाचं तरी आहे,’ एवढंच तो म्हणाला.

मी भारतातला म्हटल्यावर त्याने एक जुनी गोष्ट काढली. मार्च १९०४. जोहान्सबर्गच्या ‘कुली लोकेशन’ या वस्तीत प्लेग शिरला. सोन्याच्या खाणीत काम करणारे तेवीस भारतीय मजूर तापाने फणफणून वस्तीत परतले. मदनजित व्यावहारिक यांनी एका रिकाम्या घराचं कुलूप तोडून त्यांना तिथे हलवलं, आणि बॅरिस्टर गांधी त्यांच्या शुश्रूषेला बसले. पुढे नगरपालिकेने वस्ती रिकामी केली, माणसांना आगगाडीने दूर क्लिपस्प्रेटच्या माळावर तंबूंत नेलं आणि मागे सगळी वस्ती पेटवून दिली. भारतीय काही दिवसांनी पांगले. आफ्रिकन कुटुंबं मात्र तिथेच, शहराचं मैलापाणी सोडत त्या शेताच्या शेजारी राहिली. सोवेतोच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी ती एक. तिलाच पुढे पिमव्हिल म्हणू लागले.

ऐकताना माझ्या मनात पुणं होतं. १८९७चा प्लेग, घराघरांत शिरणारे सोजीर, आणि मुंढव्याकडून आजारी पोराला पाठीवर घेऊन येणाऱ्या, त्याच साथीत गेलेल्या सावित्रीबाई. रोगाच्या नावाखाली माणसांना उठवायचं आणि ती जागा पुन्हा त्यांना द्यायची नाही, हा धडा साम्राज्याने किती ठिकाणी गिरवला! पण गोष्ट नुसती उठवण्याची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑर्लँडोत घरं पुरेनात, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं झाली, तेव्हा १९४४ साली जेम्स म्पांझा नावाच्या पुढाऱ्यामागे हजारो माणसं निघाली आणि मोकळ्या माळावर गोणपाटाच्या झोपड्या टाकून बसली. नगरपालिकेला हात टेकावे लागले. शहर दोन प्रकारे वाढतं, हाकलण्याने आणि हटून बसण्याने. सोवेतो दोन्हींनी वाढलं. ‘साउथ वेस्टर्न टाउनशिप्स’चं तोडून केलेलं सोवेतो हे नाव त्याला १९६३मध्ये मिळालं, वस्ती होऊन साठेक वर्षं लोटल्यावर.

विलाकाझी स्ट्रीटवर मात्र वाटाड्याने पाय उचलला. इथे बसगाड्या लागलेल्या, उपाहारगृहांतून गाणी चाललेली, फुटपाथवर मण्यांच्या माळा मांडलेल्या. याच रस्त्यावर ८११५ क्रमांकाचं घर. १९४६ साली नेल्सन मंडेला तिथे राहायला आले. १९९०च्या फेब्रुवारीत सत्तावीस वर्षांचा तुरुंग संपवून ते परतले ते याच घरात, पण जेमतेम अकरा दिवसांसाठी. आता तिथे संग्रहालय आहे. थोड्याच अंतरावर डेस्मंड टुटूंचं घर. एका रस्त्यावर नोबेलचे दोन मानकरी. हे सगळं त्याने मोजक्या वाक्यांत उरकलं. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे त्या बेनेडिक्ट विलाकाझींबद्दल मात्र तो थांबून बोलला. झुलू भाषेतले कवी, विटवॉटर्सरँड विद्यापीठातले अध्यापक, झुलूच्या मोठ्या शब्दकोशाचे सहसंपादक. दक्षिण आफ्रिकेत पीएच. डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ती पदवी मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९४७मध्ये ते गेले. ‘मंडेलांचं घर तुम्हांला माझ्याशिवायही सापडलं असतं,’ तो म्हणाला.

तिथून पुढे त्याची चाल पुन्हा मंदावली. १६ जून १९७६ला शाळकरी मुलांचा मोर्चा याच भागात आला होता. निम्मे विषय आफ्रिकान्समध्ये शिकवायचा हुकूम निघाला होता. ज्या भाषेत पोलीस दरडावतो तिच्यात गणित शिकायचं होतं. नालेदी, मॉरिस आयझॅकसन अशा शाळांतून मुलं निघाली, ऑर्लँडो स्टेडियमकडे जायची होती. वाटेत पोलिसांनी गोळ्या चालवल्या. पंधरा वर्षांचा हेस्टिंग्ज न्द्लोवू आणि बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन हे पहिल्या मृतांतले. डांगरी घातलेला म्बुयिसा माखुबो हेक्टरला दोन्ही हातांवर घेऊन धावतोय, शेजारी हेक्टरची बहीण अँटोनेट हात उभारून आक्रंदतेय, हे सॅम न्झिमा यांचं छायाचित्र जगभर गेलं. पोलीस फिल्म उघडी पाडत होते, म्हणून न्झिमांनी ती मोज्यात लपवली होती. त्या एका चित्राने त्यांची नोकरी गेली, नजरकैद मागे लागली. म्बुयिसाला देश सोडावा लागला. १९७८मध्ये नायजेरियातून आईला पत्र आलं, ते शेवटचंच.

जवळच हेक्टर पीटरसन स्मारक आणि २००२ साली उघडलेलं संग्रहालय आहे. लाल विटांची इमारत, आणि खिडक्या अशा ठेवलेल्या की आतला मजकूर वाचता वाचता बाहेरचा तोच रस्ता दिसावा. पण मला सांगायचंय ते अँटोनेट सिथोलेंबद्दल. त्या छायाचित्रातली ही मुलगी मोठी झाली आणि याच संग्रहालयात येणाऱ्यांना माहिती सांगू लागली. भावाच्या मरणाची गोष्ट अनोळखी माणसांना पुनःपुन्हा सांगणं किती कठीण असेल! तरी त्यांनी ती दुसऱ्याच्या तोंडी जाऊ दिली नाही. वाटाडेपणाची याहून मोठी व्याख्या मला ठाऊक नाही.

कारण सोवेतो दाखवणारे पूर्वीही होते. वर्णभेदाच्या काळात गोऱ्या माणसाला इथे यायला परवाना लागे. पण सरकारी बस मात्र परदेशी पाहुण्यांना घेऊन यायची. नवी घरं, दवाखाने, बालवाडी दाखवायची, आणि काळ्यांचं किती बरं चाललंय हे पटवून परत न्यायची. ऐंशीच्या दशकात इथल्याच माणसांनी स्वतःच्या सहली सुरू केल्या, त्या सरकारी बसला दिलेलं उत्तर होत्या. पुढे स्वातंत्र्य आलं आणि उलटी हौस वाढली: आता पाहुण्यांना पत्र्याच्या झोपड्याच हव्या. सोवेतोतल्याच क्लिपटाऊनला ते नेमकं दिसतं. २६ जून १९५५ला तिथल्या मोकळ्या जागेवर तीनेक हजार प्रतिनिधींनी स्वातंत्र्याची सनद संमत केली. आज तिथे प्रशस्त चौक आहे, आणि रुळांपलीकडे सार्वजनिक नळावर घागरी लावून उभी असलेली वस्ती. वाटाड्याने दोन्ही दाखवलं, दोन्हींना वेळ दिला, आणि मग डीपक्लूफच्या टुमदार बंगल्यांकडेही नेलं. यांपैकी एकाला सोवेतो म्हणू नका, हे त्याला बोलून दाखवावं लागलं नाही.

मी मुंबईचा. धारावीच्या कुंभारवाड्यात परदेशी पाहुण्यांचा घोळका पाहिला, की माझ्या कपाळाला आठी पडायची. पुढे कळलं, की त्यांच्यापुढे चालणारी पोरं बहुतेक तिथलीच, आणि कॅमेरा पिशवीत ठेवायचा ही अट. सोवेतोत मीच तो घोळका होतो. आठी तेव्हा सैल झाली, पण पुरती गेली नाही, जाऊही नये. दुसऱ्याच्या दारासमोरून चालताना थोडा संकोच हवाच.

दुपारी त्याने कोटा खायला घातला. पावाचा चतकोर भाग, आतून पोखरलेला, त्यात बटाट्याचे काप, पोलोनी नावाच्या मांसाचा काप आणि वरून आंब्याचं अचार. हो, अचारच, उसाच्या मळ्यांत राबायला आलेल्या आपल्या माणसांनी नेलेलं. टपरीवाल्या मावशींचे पैसे त्याने माझ्या हातून देववले. माळेचे पैसे माळ ओवणारीला. बसने येणारे फोटो काढून वीस मिनिटांत निघतात. पैसा ज्या शहरातून आला त्याच शहरात परत जातो. पायी चालणाऱ्याचा गल्लीत राहतो. परतीला त्याने तर्जनी वर करायला शिकवली. तेवढ्या खुणेवर शहराकडे जाणारी टॅक्सी थांबते. दुसरीकडे जायचं तर बोटांची खूण वेगळी.

एखाद्या वस्तीत बघण्याजोगं काय, हे पुस्तकातून कळतं. त्यातल्या कशाला किती वेळ द्यायचा, हे मात्र तिथे राहणाऱ्यालाच कळतं. सोवेतोला जाल तेव्हा वाटाड्या तिथलाच घ्या. त्याचा बिल्ला पाहा, ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नका, कॅमेरा विचारून काढा. आणि कुठे थांबायचं, किती थांबायचं, ते त्याला ठरवू द्या.