शेवटून दुसरं पाऊल

उंच उडी असो वा बांबू उडी, उडी हवेत बिघडत नाही. ती जमिनीवर बिघडते, आणि जमिनीवरही नेमक्या एका जागी, शेवटून दुसऱ्या पावलावर. बारला लागलेली कंबर, उशिरा वर गेलेले हात, पोल बॉक्समध्ये बसताच खांद्याला बसणारा हिसका, हे सगळं त्या पावलाचं देणं असतं. खेळाडू पिटवरून उठतो आणि विचारतो, "सर, पाय लवकर खाली आले का?" आले, खरंच आले. पण का आले ते कळायला पिटकडे पाठ करून मागे, रनवेकडे बघावं लागतं.

पतियाळाला एनआयएसमध्ये शिकत होतो तेव्हा वाटायचं, हे गणित आहे, घासत राहिलं की सुटेल. नोकरी लागली, कॉलेजचा शारीरिक शिक्षण संचालक झालो, केस पांढरे झाले, गेल्या जूनमध्ये शाल-श्रीफळ घेऊन निवृत्तही झालो. गणित फळ्यावर तसंच आहे.

उंच उडीत हे पाऊल जरा लांब पडतं. तळवा सपाट टेकतो, कंबर थोडी बसते आणि पुढचं, शेवटचं पाऊल आखूड आणि झटकन येतं. त्या बसण्यातूनच उठणं मिळतं. बांबू उडीतही तेच पाऊल आणि लांब-आखूडची तीच जोडी, पण तिथे बसायची मुभा नाही. नेमक्या त्याच वेळी दोन्ही हात पोल घेऊन कानाजवळून वर निघालेले असतात. कंबर बसली की हात मागे राहतात, वेग जातो आणि पोल वाकायच्या ऐवजी माणूस वाकतो. आमच्यासारख्या कॉलेजात दोन्ही उड्या एकाच पोराकडून करून घ्याव्या लागतात, कारण दुसरं पोर नसतं. म्हणजे सोमवारी मी ओरडणार, "बस!" आणि मंगळवारी त्याच पोराला ओरडणार, "बसू नको!" पोरं सोशिक असतात.

सेर्गेई बुबकाचे प्रशिक्षक व्हिताली पेत्रोव्ह यांचं म्हणणं असं, की पोलचं टोक बॉक्सच्या मागच्या भिंतीला भिडण्याआधीच पाय जमिनीवरून सुटलेला असावा. वाचायला एक ओळ. बुबका त्या विचारावर 1994 मध्ये सेस्त्रिएरला 6.14 मीटरवर गेला. आमचं पोर मात्र पाय सुटण्याआधी पोल भिडवतं, मग पोल पोराला मागे ढकलतो, आणि पोर माझ्याकडे बघतं. मी त्याला पेत्रोव्ह काय सांगणार! मी म्हणतो, "शेवटून दुसरं लांब गेलं." ते मान हलवतं आणि पुढच्या वेळी त्याहून लांब टाकतं.

शेजारच्या जिल्ह्यात एक प्रशिक्षक आहेत. मी त्यांचं नाव घेत नाही, तेही माझं घेत नाहीत. त्यांचा उपाय सोपा आहे. टेक-ऑफ वीतभर आत येतोय? सुरुवातीचा मार्क वीतभर मागे घ्या. मला हे कधी पटलं नाही. शेवटच्या चार-सहा पावलांत खेळाडू नुसता धावत नसतो, नेम धरत असतो. डोळे बॉक्सवर खिळलेले असतात आणि पावलं आपोआप लांब-आखूड होत जातात. मार्क मागे घेतला, की पोर शेवटून दुसरं पाऊल ताणून पुन्हा होतं तिथेच येऊन उभं राहतं. टेपने मोजलं तर फार तर दोन बोटांचा फरक. उडी मात्र मेलेली. बांबू उडीच्या कार्यशाळेत हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे. त्यांच्या खेळाडूंनी माझ्या खेळाडूंपेक्षा जास्त पदकं नेली, हेही इथे सांगून टाकतो. असं का, याचं जे उत्तर मला सुचतं ते मला आवडत नाही.

माझी ख्याती होती ती नजरेची. टेक-ऑफच्या रेषेत उभं राहायचं आणि पाय सुटता सुटता आकडा सांगायचा: "चार बोटं आत." पोरं धावत जाऊन स्पाइकची खूण मोजायची. मी त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघायचो, शिट्टीची दोरी गुंडाळायचो, जणू मला निकालाशी देणंघेणं नाही. कान मात्र तिकडेच. "सर, बरोबर चार!" हे ऐकायला मी इतकी वर्षं उन्हात उभा राहिलो, असं कुणी म्हटलं तर फारसं खोटं ठरणार नाही. स्पर्धेला इतर कॉलेजांचे लोक शेजारी असले की आकडा जरा मोठ्याने सांगायचो.

मग मोबाइल आले. आता पोरं रनवेच्या कडेला तिपाई लावतात आणि एका सेकंदाचे दोनशे चाळीस तुकडे करून बघतात. मला विचारत नाहीत, दाखवतात. "सर, हे बघा." बघायला मला चष्मा शोधावा लागतो. आणि अशातच मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर धूळ आणि ऊन वर्ज्य सांगितलं, म्हणून काळा चष्मा लावून पॅव्हेलियनच्या सावलीत खुर्ची टाकून बसलो. तिथून पाय काही दिसत नव्हते. ऐकू मात्र येत होते.

मातीच्या रनवेवर धाव चांगली असली की पावलं हलकी वाजत येतात. मग एक सपाट आवाज, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून शेवटचा टप्पा. धप-टप. दोघांत फट असता कामा नये. पाऊल ताणलं गेलं की धप आणि टप यांच्यात एक पोकळी पडते. डोळ्यांनी मी जे बोटांत मोजायचो ते तिथे स्पष्ट ऐकू येत होतं. आणि मी काय केलं? खुर्चीवरून मोठ्याने सांगू लागलो, "ताणलं!" पोरं मोबाइल बघायची आणि म्हणायची, "सर, न बघता?" नजरेचा तोरा गेला आणि कानाचा आला, इतकंच.

आता एका मुलीबद्दल. ती आमच्याकडे मल्लखांबातून आली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी जी विद्या नावारूपाला आणली तिचा बांबू उडीला किती फायदा आहे, हे आपल्याकडे कुणी नीट तपासलेलं नाही. येलेना इसिनबायेवा पंधरा वर्षांची होईपर्यंत जिम्नॅस्टिक्स करत होती, नंतर बांबू उडीकडे वळली आणि 2009 मध्ये झुरिकला 5.06 मीटर गेली. आपल्याकडे गावोगाव मल्लखांब आहेत आणि त्यावर उलटी लटकलेली पोरं आहेत. इतरांना डोकं खाली, पाय वर हे शिकवता शिकवता वर्ष जातं. हिला ते सांगावंच लागलं नाही. आखूड रन-अपने, 12 फुटी पोलवर, ती अशी वर जायची की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो.

रन-अप लांबवला आणि सगळं बिघडलं. तेच पाऊल. मी माझी सगळी हत्यारं काढली. रनवेवर पट्ट्या चिकटवल्या. बुटके हर्डल मांडले. पोलशिवाय पळवलं. गवतावर पोल सरकवत प्लँट करायला लावला. टाळ्यांवर पावलं टाकायला लावली, तिथे ती अचूक. बॉक्स समोर आला की पुन्हा पोकळी. शेवटी चिडून म्हणालो, "अगं, खांबावर डोळे मिटून चढतेस, इथे कसली भीती?" ती म्हणाली, "सर, खांब पुरलेला असतो. हा माझ्याबरोबर येतो."

यावर मी बरेच दिवस काही बोललो नाही.

बर्नी वॅग्नर नावाचे एक प्रशिक्षक होते, अमेरिकेत ओरेगन स्टेटला. त्यांच्याकडे सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणारा डिक फॉस्बरी आला, जो बारकडे पाठ करून उडी मारायचा. वॅग्नरनी त्याला आधी जुन्या पद्धतीकडे वळवून बघितलं आणि मग नाद सोडला. 1968 मध्ये मेक्सिको सिटीला फॉस्बरी 2.24 मीटरचं सुवर्ण घेऊन गेला आणि सगळं जग पाठ करून उड्या मारू लागलं. मला फॉस्बरीचा कधी हेवा वाटला नाही. वॅग्नरचा वाटतो. आपण बाजूला व्हायचं आणि तरी आपलं नाव राहायचं, हे मला जमलं नसतं. मी त्या पोराला दोन सीझन तरी छळलं असतं.

तिकडे कॉलेजात फक्त उड्या शिकवणारा पगारी माणूस असतो. आपला उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटला गेला आणि 2018 मध्ये तिथल्या मोसमात 2.29 मीटर गेला, ते काही हवापाण्यामुळे नव्हे. इकडे एकच संचालक कबड्डीचा संघ नेतो, ओळखपत्रांवर सह्या करतो, नॅकच्या फायली भरतो आणि उरलेल्या वेळात बॉक्समधलं पावसाचं पाणी उपसतो. मुलंही शहाणी झाली आहेत. पहाटे कुठल्याही मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी चालू असते: सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा. त्यात त्यांची चूक नाही, नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा ते बरं. पण चांगल्या उंचीची, लांब पिंडऱ्यांची पोरं गोळा घुमवताना बघितली की माझ्या पोटात ढवळतं. आणि आता मोबाइलवर उड्या शिकवणारे आले आहेत. बारवरची कमान स्लो मोशनमध्ये, मागे गाणं. धाव त्यात दाखवतच नाहीत. कापून टाकतात.

साधनं नव्हती म्हणून झालं नाही, असं म्हणणाऱ्यांतला मी नव्हतो. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे शाळेत मक्याच्या भुसकटाच्या गादीवर पडत शिकला, त्याचे शिक्षक रावसाहेब जाधव यांनी ती सोय केली. तोच सर्वेश 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत 2.28 मीटर उडून सहावा आला. उंच उडीत भुसकट चालतं. उडी पायाची असते, गादी फक्त झेलते. हे उदाहरण मी बांबू उडीच्या पोरांना ऐकवून ऐकवून वीट आणला होता. बांबूवर कॉर्नेलियस वॉर्मरडॅम 1942 मध्ये 4.77 मीटर गेला होता, हेही ऐकवायचो.

पण त्या मुलीचं उत्तर डोक्यातून जाईना. एक दिवस तिला पुन्हा 12 फुटी, 120 पौंडी, म्हणजे तेवढ्या वजनाच्या खेळाडूसाठीचा, पोल दिला आणि लांब रन-अपने पळवलं. धप-टप. फट नाही. पोल मात्र तिच्या वेगाला पुरेना. इतका वाकला की ती पिटच्या मागच्या कडेला जाऊन पडली. तो पोल आता तिला मऊ झाला आहे. त्याच्यावरचा आमच्याकडे असलेला पोल थेट 13 फुटी, 145 पौंडांचा. तिचं वजन 52 किलो, म्हणजे 115 पौंडांच्या आत-बाहेर. तो पोल उभा राहील की अर्ध्यातून मागे फेकेल, हे तिला माहीत नाही, मलाही नाही. तिच्या पावलाला मात्र माहीत आहे, म्हणून ते ताणतं, क्षणभर थांबतं. या दोन पोलांच्या मध्ये पाच-पाच पौंडांनी चढत जाणारे चार-पाच पोल असायला हवेत. ते असते तर तिला कधी कळलंही नसतं की आपण घाबरायला हवं होतं.

पोल बहुतेक परदेशातून येतात, एकेकाची किंमत हजारांच्या घरात बरीच वर जाते, आणि खरेदी समितीला वाटतं की पोल म्हणजे पोल, एक आहे की. आणून पोचवणं ही वेगळीच कथा. देव मीणा 2025 मध्ये जर्मनीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 5.40 मीटरचा राष्ट्रीय विक्रम करून आला. त्याच देवला जानेवारी 2026 मध्ये, मंगळुरूची आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपून परतताना, पनवेल स्टेशनवर सोबत्यासह गाडीतून उतरवलं आणि पोलांपायी काही तास थांबवून ठेवलं. आम्ही आमचे पोल एसटीच्या टपावर बांधून न्यायचो, तेव्हा कंडक्टर विचारायचा, "मास्तर, टेलिफोनचं काम का?"

तर विनंती अशी. महाराष्ट्रातल्या किती तरी कॉलेजांच्या जिमखान्यात, कपाटांच्या मागे, जुने फायबरचे पोल पडून आहेत. खेळाडू पास होऊन गेला, पोल राहिला. काही ठिकाणी ते गॅदरिंगच्या मांडवाला लावलेले मी पाहिले आहेत, एका ठिकाणी आंबे काढायला. तुमच्याकडे असा 12 किंवा साडेबारा फुटी, 125 ते 140 पौंडांमधला पोल असेल, त्यावर चरा किंवा तडा नसेल आणि वजनाचा आकडा अजून वाचता येत असेल, तर मला कळवा. न्यायला मी स्वतः येईन. टेम्पोचं भाडं माझं.