टी-55 चा मिस्त्री

टँकच्या रेजिमेंटमध्ये काही जण टँकवर बसतात आणि काही जण टँकखाली झोपतात. मी दुसऱ्यांतला. आमच्या साताऱ्याकडे फौजेत जायचं म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीत, हे जवळजवळ ठरलेलंच असतं. मी आयटीआयचा डिझेल मेकॅनिक निघालो आणि ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती खात्यात, भरती झालो. सिकंदराबादचं शिक्षण आटोपल्यावर पोस्टिंग आलं ते राजस्थानात, टी-55 रणगाडे असलेल्या एका रेजिमेंटच्या एलएडीत. एलएडी म्हणजे रेजिमेंटबरोबर फिरणारं छोटं वर्कशॉप. त्यांच्यात सवार, दफेदार, रिसालदार. आमच्यात क्राफ्ट्समन, नायक, हवालदार. लंगर एकच, पण आम्ही कायमचे ‘एलएडीवाले’.

सवारांचं ट्रेनिंग नगरला झालेलं. त्यामुळे गडी जाट असो की राजपूत, तिथल्या के. के. रेंज या सरावाच्या मैदानाची धूळ आणि दोनचार मराठी शब्द घेऊनच आलेला असे. त्यातले निम्मे इथे लिहिण्याजोगे नाहीत.

टी-55 पहिल्यांदा जवळून पाहिला तेव्हा वाटलं, हा एवढाच? वजन 36 टन, पण उंची जेमतेम आठ फूट. रशियनांनी तो 1958 साली सैन्यात घेतला. त्याआधीच्या टी-54 चाच हा सुधारलेला भाऊ, अणुयुद्धातही चालेल असा बंदिस्त केलेला. आपल्याकडे हे रणगाडे 1965 च्या लढाईनंतर आले. बुटका ठेवण्यामागचा हिशोब सरळ होता: जे कमी दिसतं ते कमी मार खातं. पुढचा पत्रा 100 मिलिमीटर जाडीचा, पण इतका तिरपा बसवलेला की समोरून येणाऱ्या गोळ्याला दुप्पट पोलाद भेदावं लागे. टरेट गोल, समोर 200 मिलिमीटर जाड. कागदावर सगळं चोख. बुटकेपणाची किंमत कोण भरतो ते मात्र आत शिरल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यांत जास्त भरायचा तो लोडर. तोफेच्या डावीकडे गनर, त्याच्या पाठीला गुडघे लावून कमांडर, आणि उजवीकडे लोडर एकटा. तोफेचा एक गोळा केसिंगसकट सुमारे 30 किलोचा. ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यात लोडर तोफेच्या डावीकडे उभा राहतो, म्हणजे गोळा ढकलायला उजवा हात मिळतो. इथे उलटं. ज्याने आयुष्यभर सगळं उजव्या हाताने केलं, त्याने वाकलेल्या कंबरेने, हलत्या रणगाड्यात, डाव्या हाताने 30 किलो आत ढकलायचे. एकूण 43 गोळे. त्यातले 18 पुढे, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, डिझेलच्या टाकीतच केलेल्या खोबणींत. ही जागा मला कोणी पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तो म्हणाला, ‘‘जगह कहाँ है, उस्ताद?’’ खरंच, नव्हतीच.

तोफेचंही तेच. तोंड खाली झुकवायचं तर मागचा भाग वर उचलला गेला पाहिजे, आणि वर तर छप्पर. त्यामुळे तोफ फक्त 5 अंश झुकते, सेंच्युरियनची 10. सपाट मैदानावर हे जाणवत नाही. वाळूच्या टेकाडामागून नेम धरायचा असला की जाणवतं. सेंच्युरियन टेकाडाआड राहून नुसतं डोकं वर काढतो. टी-55 ला त्याच नेमासाठी माथ्यावर बराच पुढे यावं लागतं. बुटका म्हणून लपायला चांगला, आणि बुटका म्हणूनच गोळा डागताना उघडा. या रणगाड्याची स्तुती करणारे आणि नावं ठेवणारे दोघेही बहुधा पत्र्याची जाडी आणि तोफेचा व्यास सांगत बसतात. मला हे पाच अंश जास्त महत्त्वाचे वाटतात.

आता माझ्या खात्याचं. इंजिन 12 सिलिंडरचं, जवळपास 39 लिटरचं, 580 अश्वशक्तीचं. दुसऱ्या महायुद्धातल्या टी-34 च्या इंजिनाचं थेट वंशज. फार गुणी. थंडीत पहाटे बॅटरीने मान टाकली तरी दाबलेल्या हवेच्या बाटल्या असत. कॉक उघडला की इंजिन धडधडत उठे. पण लांबी वाचवायला ते आडवं बसवलेलं. इंजिनाची ताकद एका बाजूने मधल्या गिअरबॉक्समधून वळून मागच्या क्लच-गिअरबॉक्सकडे जाते. म्हणजे इंजिन काढलं की ते एकटंच निघतं, आणि परत बसवताना त्याचा आणि मधल्या गिअरबॉक्सचा रोख तंतोतंत जुळवावा लागतो. पातळ चकत्या घालायच्या, मोजायचं, एखादी काढायची, पुन्हा मोजायचं. जर्मन लेपर्डचं इंजिन गिअरबॉक्ससकट एका गठ्ठ्यात तासाभराच्या आत बाहेर येतं असं वाचतो तेव्हा माझ्या बोटांची सालं आठवतात. आमच्याकडे एका इंजिनापायी सकाळची रात्र होई आणि रात्रीची पुन्हा सकाळ. क्रेन रिकव्हरी टँकची, घाम आमचा.

तरी इंजिन बदलण्याची वेळ मुळात येई ती धुळीमुळे. एअर क्लीनरमध्ये आधी हवा गरगर फिरवून जाड धूळ वेगळी होते आणि एक्झॉस्टच्या ओढीने बाहेर फेकली जाते. उरलेली तेलात बुडवलेल्या तारांच्या जाळ्यांत अडकते. या जाळ्या काढून डिझेलमध्ये धुवायच्या, तेलात बुडवायच्या, निथळवायच्या. काम कंटाळवाणं, आणि मे महिन्यात राजस्थानात रणगाड्याच्या मागच्या डेकवर बसून करायचं. ज्या ट्रूपमधले ड्रायव्हर हे न सांगता करत, त्या ट्रूपचं तोंड आम्हाला क्वचित दिसे. इंजिनाचं आयुष्य कारखान्यात ठरतं असं कोणी म्हटलं तर मी वाद घालेन.

रणगाड्याच्या पाठीवर आडवा बांधलेला ओंडका बघून गावाकडची पोरं हमखास विचारत की तो कशाला. एकदा कालव्याखालच्या भिजवलेल्या शेतात एक रणगाडा पोटापर्यंत रुतला. रिकव्हरी टँक लांब. मी केबल, पुली, नांगर यांची जुळवाजुळव मनात करत होतो, तोवर रिसालदार साब म्हणाले, ‘‘पहले लक्कड़.’’ ओंडका पुढे आडवा ठेवून साखळीने दोन्ही ट्रॅकना बांधला. ड्रायव्हरने पहिल्या गिअरमध्ये हळू सोडलं. ट्रॅकने ओंडका पोटाखाली ओढला आणि 36 टन त्याच्यावरून सरकत पुढे आले. मागून ओंडका दिसला रे दिसला की थांबायचं, नाहीतर तो ट्रॅकबरोबर वर जाऊन फेंडर उखडतो. साब मागेच उभे होते, हात वर करून. शेतकऱ्याने मात्र आमच्याकडे असं पाहिलं की चहाचं विचारायची आमची हिंमत झाली नाही.

ट्रॅक हा तर स्वतंत्र विषय. वरून तोलून धरणारे रोलर नाहीत. तो सरळ मोठ्या चाकांच्या डोक्यावर लोळत जातो. एका बाजूला 90 कड्या, सगळ्या पोलादी, पिना कोरड्या. पिनांत वाळू गेली की भोकं झिजतात, ट्रॅक लांबतो, सैल होतो, आणि जोरात वळताना उतरतो. मग चारही जण खाली: ड्रायव्हर, गनर, लोडर, कमांडर. दोन पहारी, एक घण, आणि शिव्यांचा सामायिक साठा. आम्ही पोचेपर्यंत बहुतेक वेळा ट्रॅक चढलेला असे.

पुढे माझी बदली टी-72 च्या रेजिमेंटला झाली. इंजिन त्याच घराण्यातलं, आडवंच, म्हणून माझं निभावलं. पण गोळे भरायला यंत्र आलं होतं आणि लोडरची जागा गेली होती. जुन्या रेजिमेंटमधला, लोडरचा गनर झालेला एक दफेदार पुढे नगरला भेटला. त्याचा डावा खांदा अजून दुखत होता. यंत्र आलं ते बरं झालं ना, असं मी विचारलं. ‘‘गोला भरने को बहुत अच्छा,’’ तो म्हणाला, ‘‘ट्रॅक चढाने को कौन आएगा?’’ कोण येणार ते मला ठाऊक होतं. टी-72 वर तीनच माणसं. ट्रॅक उतरला की वायरलेसवर एलएडीचं नाव पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागलं होतं.