घराचे वासे

लॅटिन भाषेंत शुभ्र या अर्थीं 'कॅन्डिडस' असा शब्द आहे. रोमचा उमेदवार खडूनें उजळलेला झगा पांघरून मतें मागावयास निघे, म्हणून त्याला 'कॅन्डिडेट' हें नांव पडलें. वर्गांत हें सांगितलें कीं मुलें हमखास हसतात. शुभ्र वस्त्र आणि मतयाचना यांची सांगड आपल्याकडेही अपरिचित नाहीं. पण याच कुळांतला आणखी एक शब्द आहे आणि त्यावर कोणी हसत नाहीं. 'कॅन्डिडा' ही एक बुरशी. ती परकी नव्हे. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडांत ती निमूटपणें राहत असते. शरीराचा बंदोबस्त चोख असेपर्यंत तिचा उपद्रव नसतो. घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात, ही म्हण ज्यानें रचली त्यानें सूक्ष्मदर्शक पाहिला नसेल. रोगाचें मर्म मात्र त्याला अचूक कळलें होतें.

एच्. आय्. व्ही. हा विषाणू या बंदोबस्तांतल्या हुकूम देणाऱ्यांनाच, म्हणजे सीडी-४ पेशींना, टिपतो. जून १९८१ मध्यें लॉस एंजेलिसच्या पांच तरुणांचा वृत्तान्त अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकांत आला, तेव्हां हा विषाणू कोणाला ठाऊकही नव्हता. पांचांनाही न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया होता आणि पांचांनाही कॅन्डिडाची बाधा. हा न्यूमोसिस्टिस त्या वेळीं आदिजीव समजला जाई. तोही बुरशीच्याच गोत्राचा, हें १९८८ मध्यें उघड झालें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या जिभेवर असेच दह्यासारखे चट्टे उमटले. मधुमेह नाहीं, कृत्रिम दांत नाहींत, कसलीं जालीम औषधें चालू नाहींत. एका डॉक्टरांनीं दोनदां लावावयास औषध दिलें. दोनदां चट्टे गेले व परत आले. चट्टे घालविणें सोपें. ते कां आले हें विचारणें अवघड. भिडस्तपणा हा आपल्या मध्यमवर्गांत सद्गुण गणला जातो. मला तो पुष्कळदां निव्वळ भित्रेपणा वाटतो. अखेर एका दंतवैद्य बाईंनीं खोलीचें दार लोटून घेतलें आणि रक्त तपासून घ्या, असें त्याला सरळ शब्दांत सांगितलें. न्यूमोसिस्टिस फुप्फुसांत किंवा कबुतरांच्या विष्ठेंत आढळणारी क्रिप्टोकॉकस मेंदूच्या आवरणांत शिरण्यापूर्वींच निदान झालें.

आतां तो रोज गोळी घेतो. पेशींची संख्या वाढली आहे, जीभ स्वच्छ आहे. कॅन्डिडा बहुधा अद्याप तिथेंच असेल, पूर्वीसारखी निमूट. परवां त्यानें विचारलें, "सर, आईला कसें सांगूं?" तीस वर्षें शब्द शिकवीत आलों, पण त्याला एक वाक्य तयार करून द्यावयास मला दोन दिवस लागले. तें त्यानें अजून वापरलेलें नाहीं.