सात हाली, सहा कलदार

बिनपगारी माणसांकडून एकाच वेळी एकच काम करवून घेणे, याइतके अवघड काम दुसरे नसावे. गणेशमंडळाच्या खजिनदाराला विचारा! मी केजमध्ये घरी बसून असल्याच उद्योगात असतो. शेजारचे किराणावाले काका विचारतात, "ते समदं ठीक, पण पगार किती?"

पगार नाही. डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली लिनक्स प्रणाली. कुणा एका कंपनीच्या मालकीची नव्हे. तिच्या ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. ती सांभाळणारी माणसे जगभर विखुरलेली, बहुतेक हौशी. दोन पॅकेजे माझ्या वाट्याला आली आहेत.

हे प्रोग्राम एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. खालच्याने माप बदलले, की वरच्यांना त्या मापाने पुन्हा घडवावे लागते. माझ्या आजीने हा प्रकार बाजारात पाहिला होता. केज तेव्हा हैदराबाद राज्यात. तिथे हाली सिक्का चाले. १९५० साली भारतीय रुपया आला. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब. १९५९ साली हाली बाद होईपर्यंत दोन्ही नाणी शेजारी नांदली. आजी म्हणे, "एकट्या वाण्यानं कलदार घेऊन काय व्हतंय? गिरणीवाल्यानं बी घ्याया पाहिजे."

२०२४ च्या आरंभी आमच्याकडेही असेच नाणे बदलले. संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. ३२ बिटांच्या जुन्या मोजणीत हा रकाना १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतो आणि यंत्राला एकदम १९०१ साल वाटू लागते. म्हणून रकाना मोठा करायचा. त्यासाठी हजाराहून अधिक लायब्रऱ्यांची नावे बदलायची आणि त्यांच्यावर टेकलेले सगळे पुन्हा घडवायचे. एक पॅकेज अडले, की त्याच्यात गुंतलेली सगळी खोळंबतात. आवृत्तीची व्यवस्था पाहणारी मंडळी क्रम ठरवतात. पण कामाला लाग, असा हुकूम कुणी कुणाला देऊ शकत नाही.

माझ्या पॅकेजाखालचे एक असेच अडले. सांभाळणारा उत्तर देईना. अशा वेळी दुसऱ्याने दुरुस्ती करावी, धन्याला आधी कळवावे, काही दिवस वाट पाहावी आणि मग ती चढवावी, अशी आमची रीत आहे. मी तसे केले. पुढे त्याचे दोन ओळींचे पत्र आले. त्याचे वडील वारले होते. दुरुस्तीबद्दल त्याने आभार मानले होते. मी त्याला एकही खरमरीत शब्द लिहिला नव्हता, याचे तेव्हा केवढे समाधान वाटले! पडद्याआडच्या माणसाच्या घरात काय चालले आहे, ते आपल्याला कुठे दिसते?

२०३८ च्या त्या सकाळी केजच्या बसस्थानकावर चहा पिणाऱ्या कुणालाही यातले काही कळणार नाही. आमचे काम ज्या यंत्रांपर्यंत पोचले असेल, तिथे ८ वाजून ४५ मिनिटे होतील, इतकेच.