काचेतली अमानत

घरात मासे पाळायचे म्हटले की दुकानदारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच गोष्ट सांगतात : "टाकी केवढी, मासा तेवढाच वाढतो." छोट्या घरात राहणाऱ्यांना ही गोष्ट फार सोयीची वाटते. जणू माशाला काचेच्या भिंती दिसतात आणि तो समजूतदारपणे वाढायचे थांबतो!

दोन वर्षांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटमधून आम्ही चार गोल्डफिश आणले. एकाच टबमधले, जेमतेम दीड इंचाचे. दोन आमच्याकडे राहिले, दोन आमच्या भाचीने नेले. आमच्या घरात शोकेस हलवून तीन फुटांची टाकी बसली होती, तिच्याकडे दहा लिटरचे गोल काचेचे भांडे होते. दीड वर्षात आमचे मासे हाताच्या पंजाएवढे झाले. तिच्याकडचा एक दोन महिन्यांतच गेला. दुसरा बोटाएवढाच राहिला, डोळे मात्र मोठे दिसू लागले. "मामू, मी रोज खायला घालते, तरी माझा मोठा का होत नाही?" असे तिने विचारले, तेव्हा तिला खरे उत्तर देणे आम्हाला भाग होते.

मासा भिंती पाहून थांबत नाही. त्याला पाणी थांबवते. मासा जे खातो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो बराचसा कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. विष्ठा आणि उरलेले खाणे कुजूनही तोच तयार होतो. अमोनिया कल्ले जाळतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर सूक्ष्म जिवाणू राहतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण साचत गेले की तेही त्रास देते. दहा लिटरमध्ये ही घाण काही दिवसांतच डोईजड होते, सव्वाशे लिटरमध्ये तीच पातळ होऊन आपल्याला वेळ मिळतो. मोठ्या टाकीचा खरा फायदा हा आहे. शिवाय पाण्यात प्राणवायू येतो तो पृष्ठभागावरून. गोल भांडे काठोकाठ भरले की तोंड अरुंद होते; त्यात मे महिन्याच्या उकाड्याने तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. अशा पाण्यात माशाची ताकद जगण्यातच खर्च होते, वाढीला काय उरणार?

म्हणून "टाकीएवढा मासा" याचा अर्थ बहुतेक वेळा "खुंटलेला मासा" असा होतो. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे जगतो आणि त्याची साधी, लांबट जात फूटभरही वाढू शकते. भांड्यातला मासा काही महिन्यांत मेला की आपण "आयुष्यच तेवढे होते" म्हणतो. हयात अल्लाहच्या हाती आहे, हे खरेच. पण पाणी आपल्या हाती असते.

मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत मुलांनाही माहीत असते. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि तिचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली. पाळलेला मासाही असाच कोंडलेला असतो. त्याला दुसरीकडे जाता येत नाही. खाणे, पाणी, हवा, सगळे आपल्याकडूनच. हौस म्हणून आणलेला जीव घरात आला की अमानत होतो.

ही अमानत सांभाळणे फार अवघड नाही. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागले की लिटर कळतात. आमची ९० × ३५ × ४० ची, म्हणजे १२६ लिटरची. जागा कमी असेल तर ६० × ३० × ३० ची, ५४ लिटरची टाकी घ्यावी आणि गोल्डफिशऐवजी थोडे गप्पी ठेवावेत. नव्या टाकीत जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो, तोवर घाई नको. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना आणि जिवाणूंनाही मारक, म्हणून त्याचे औषध टाकून मगच ते पाणी वापरावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. ते पाणी वाया जात नाही. आमच्या खिडकीतला पुदिना त्यावर चांगला फोफावला आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे. ईदला चार दिवस गावी गेलो तर धडधाकट मोठे मासे उपाशी राहून मरत नाहीत. शेजाऱ्यांनी प्रेमाने ओतलेल्या डबाभर खाण्याने मात्र मरतात.

भाचीला आम्ही हे सगळे सांगितले. तिचा हिरमोड झाला. "म्हणजे पहिला माझ्यामुळे मेला?" असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, "तुला कुणी सांगितलेच नव्हते, बेटा. आता कळले आहे, तर दुसऱ्याचे पाहू." तिच्या अम्मीशी बोलून तो मासा आमच्याकडे आणला. जुन्या पाण्याची सवय असलेला जीव एकदम नव्या पाण्यात सोडला तर धक्का बसतो, म्हणून दोन तास वाटी-वाटीने पाणी मिसळत बसलो. भाची वाट्या मोजत होती.

सहा महिन्यांत तो थोडा वाढला आहे, रंगही उजळला आहे. बाकीच्या दोघांएवढा तो कदाचित कधीच होणार नाही. बराच काळ खुंटलेली वाढ पुरती भरून निघत नाही. पण तो आता पाण्यावर तोंड काढून धापा टाकत नाही. भाची दर रविवारी पाणी बदलायला येते आणि क्लोरीनचे थेंब स्वतः मोजून टाकते. तिच्या गोल भांड्यात मनी प्लांट लावला आहे. तो मात्र त्या भांड्यात खुशाल वाढतो आहे.